केमोथेरपीच्या काळात औषधी अळंब्यांच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

तुम्ही विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे हे उत्तर कोणत्या परिस्थितीसाठी आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या आई ५८ वर्षांच्या आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची त्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि काढलेल्या काही लसिकाग्रंथींमध्ये रोग आढळल्यामुळे लवकरच केमोथेरपी सुरू होणार आहे. तीत शिरेतून ऑक्झॅलिप्लॅटिन आणि घरी घ्यायच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतील. त्यांना मधुमेह आहे व त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. तुमच्या मामांनी प्रेमाने एक डबा आणून दिला आहे. त्यातल्या कॅप्सूलमध्ये टर्की टेल, रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स आणि चागा अशा पाच अळंब्यांची पूड आहे. सोबतच्या पत्रकात या अळंब्या कर्करोगावर गुणकारी असल्याचे आणि जपानमध्ये त्यांना सरकारमान्य औषधाचा दर्जा असल्याचे म्हटले आहे. या कॅप्सूल द्याव्यात का, आणि कर्करोगतज्ज्ञांना विचारले तर ते नाराज होतील का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे रुग्णालयात औषधशास्त्रज्ञ म्हणून काम करते. कर्करोगाचे रुग्ण घरून जी चूर्णे, काढे आणि कॅप्सूल घेऊन येतात त्यांची नोंद करणे आणि चालू उपचारांशी त्यांचा मेळ बसतो की नाही हे पाहणे, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. माझे उत्तर आधीच सांगते: केमोथेरपी पूर्ण होईपर्यंत या कॅप्सूल देऊ नका, आणि डबा मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवा. तरीही एवढ्यावर थांबणे तुमच्या प्रश्नावर अन्याय करणारे ठरेल, कारण मामांचे म्हणणे निराधार नाही. जपानमधील संशोधन खरे आहे, चांगल्या दर्जाच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले आहे आणि त्यातील काही तर नेमके तुमच्या आईंच्या आजारावरचे आहे. ते संशोधन कशावर झाले आणि तुमच्या हातातील डब्यात काय आहे, या दोन गोष्टींमधील अंतर समजून घेणे हाच खरा प्रश्न आहे.

टर्की टेल म्हणजे ट्रॅमेटिस व्हर्सिकलर. वाळलेल्या लाकडावर पंख्याच्या आकाराचे, रंगीत पट्ट्यांचे पातळ थर करून वाढणारी ही कवकाची जात आहे. तिच्या एका निवडक वाणाचे कवकजाल, म्हणजे अळंबी उगवण्याआधी वाढणारे धाग्यांचे जाळे, जपानमधील संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर वाढवले आणि गरम पाण्यात त्याचा अर्क काढून प्रथिनांशी जोडलेली एक शर्करासाखळी वेगळी केली. तिला पीएसके म्हणतात. क्रेस्टिन या नावाने १९७७ मध्ये जपानमध्ये तिला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते तोंडावाटे घ्यायचे औषध होते आणि केमोथेरपीला जोड म्हणून दिले जात असे. १९९४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली चाचणी या विषयात सर्वाधिक उद्धृत होते. जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढलेल्या २६२ रुग्णांचे त्यात यदृच्छया दोन गट पाडण्यात आले. एका गटाला केवळ त्या काळची प्रचलित केमोथेरपी मिळाली, तर दुसऱ्याला तिच्या जोडीला पीएसके. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ६० टक्के, तर दुसऱ्या गटातील ७३ टक्के रुग्ण जिवंत होते. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगावरील तीन जपानी चाचण्यांतील १,०९४ रुग्णांची माहिती एकत्र करून २००६ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पीएसके घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला.

हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की मग अडचण कसली? कर्करोग विभागात मी नवीन होते तेव्हा मलाही हेच वाटले होते. अडचण तपशिलात आहे. पहिली गोष्ट काळाची. त्या चाचण्यांमध्ये पीएसकेच्या जोडीला दिलेली केमोथेरपी मायटोमायसिन आणि तोंडावाटे घेण्याच्या फ्लोरोयुरॅसिल वर्गातील औषधांची होती. ऑक्झॅलिप्लॅटिनची भर घातल्याने शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांत फायदा होतो हे २००४ च्या सुमारास सिद्ध झाले आणि तेव्हापासून उपचारांची पद्धत बदलली. तुमच्या आईंना मिळणार आहे ती ही नवी पद्धत. जुन्या, तुलनेने दुबळ्या उपचारांना जोड दिल्यावर झालेला फायदा नव्या, अधिक प्रभावी उपचारांच्या जोडीलाही तेवढाच होईल असे गृहीत धरता येत नाही. दुसरी गोष्ट पुराव्याच्या दर्जाची. टर्की टेलमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या उपचारांतील दुष्परिणाम कमी होतात का, याचा आढावा वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये घेतला. त्यांना सात चाचण्या मिळाल्या, त्यातील बहुतेक जपानमधील होत्या, आणि त्यांतून मिळणाऱ्या पुराव्याची खात्री अत्यंत कमी आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. याचा अर्थ पीएसके निरुपयोगी ठरले असा नाही. उपलब्ध माहितीवरून होकार किंवा नकार ठामपणे देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

लेंटिनानचा इतिहास मला या संदर्भात फार बोधप्रद वाटतो. शिताके अळंबीतून वेगळा केलेला हा बीटा-ग्लुकॅन, म्हणजे एक लांब शर्करासाखळी. गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिले की उंदरांमधील एका प्रकारच्या गाठी त्याने आक्रसतात. १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगासाठी जोड-औषध म्हणून त्याला जपानमध्ये मान्यता मिळाली. मात्र ते इंजेक्शनद्वारे द्यायचे औषध होते. शिताकेची भाजी किंवा पूड खाऊन लेंटिनानचे इंजेक्शन घेतल्यासारखा परिणाम होईल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. पुढे आधुनिक केमोथेरपीबरोबर त्याची कसोटी पाहण्यासाठी जपानमध्येच ३०९ रुग्णांची मोठी चाचणी घेण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लेंटिनान जोडल्याने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. उंदरांमध्ये आशादायक दिसलेल्या आणि जुन्या उपचारांबरोबर उपयुक्त वाटलेल्या औषधाचा आधुनिक उपचारांबरोबर फायदा दिसला नाही. म्हणून पीएसकेचे जुने आकडे मी आदराने वाचते, पण आज कोणाला सल्ला देताना त्यांवर विसंबत नाही.

या अळंब्या प्रतिकारशक्तीवर परिणाम करतात, या म्हणण्यामागचे शास्त्रही थोडे पाहू. कवकाच्या पेशीभित्तीत बीटा-ग्लुकॅन नावाच्या लांबलचक शर्करासाखळ्या असतात. आपल्या शरीरात त्या तयार होत नाहीत, म्हणून संरक्षक पेशी त्यांना परकी खूण म्हणून ओळखतात. ही ओळख पटवणाऱ्या डेक्टिन-१ या ग्राहीचा शोध २००१ मध्ये लागला आणि त्यामुळे पूर्वी केवळ निरीक्षण असलेल्या गोष्टीला ठोस आधार मिळाला. तोंडावाटे घेतलेला बीटा-ग्लुकॅन रक्तात फारसा शोषला जात नाही. त्याचा संबंध येतो तो आतड्याच्या अस्तरातील संरक्षक पेशींशी, आणि तेथून संदेश पुढे जातात. इथपर्यंतचे विज्ञान भक्कम आहे. परंतु प्रयोगशाळेतील ताटलीत पेशी सक्रिय होणे आणि रुग्णाचा कर्करोग परत न येणे यांत फार मोठे अंतर आहे. शिवाय 'प्रतिकारशक्ती वाढणे' ही नेहमीच हितकारक गोष्ट असते असेही नाही. प्रत्यारोपणानंतर किंवा संधिवातासारख्या आजारात, जेथे प्रतिकारयंत्रणा मुद्दाम शांत ठेवलेली असते, तेथे तिला डिवचणे घातक ठरू शकते. तुमच्या आईंना असा आजार नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या इतर कोणाला असू शकतो, म्हणून नमूद केले.

आता डब्याकडे वळू. लेबलवर 'टर्की टेल' लिहिले आहे म्हणून आत पीएसके आहे असे होत नाही. पीएसके हे ठरावीक वाणापासून, ठरावीक पद्धतीने काढलेले, प्रमाणित औषध होते आणि बहुतेक चाचण्यांत त्याची मात्रा दिवसाला तीन ग्रॅम होती. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात प्रत्येक कॅप्सूलमध्ये पाचही अळंब्या मिळून ५०० मिलिग्रॅम पूड असल्याचे दिसते आणि दिवसाला दोन कॅप्सूल सांगितल्या आहेत. पाचही समप्रमाणात धरल्या तर टर्की टेलच्या वाट्याला दिवसाला २०० मिलिग्रॅम येतात, आणि तेही अर्काचे नव्हे, पुडीचे. अळंबीच्या पेशीभित्तीत कायटिन असते आणि ते माणसाला नीट पचत नाही, म्हणूनच चीन आणि जपानच्या पारंपरिक वैद्यकात अशा कठीण अळंब्या तासन्‌तास उकळून घेतल्या जात. कच्ची पूड आणि गरम पाण्यात काढलेला अर्क या औषधशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

त्यातही पूड नेमकी कशाची, हा प्रश्न उरतोच. बाजारातील काही उत्पादने उगवलेल्या अळंबीपासून, म्हणजे फलकायापासून बनवतात, तर काही धान्यावर कवकजाल वाढवून ते धान्यासकट वाळवून दळतात. दुसऱ्या प्रकारात धान्यातील पिष्टमय पदार्थ मोठ्या प्रमाणात येतात आणि लेबलवरचा 'पॉलिसॅकराइड' चा, म्हणजे एकूण शर्करासाखळ्यांचा, आकडा त्यामुळे फुगतो, कारण स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच आहे. म्हणून मी लेबलवर पॉलिसॅकराइडऐवजी बीटा-ग्लुकॅनचे प्रमाण दिले आहे का, हे आधी पाहते. याचा अर्थ कवकजाल म्हणजे भेसळ, असा कोणी घेऊ नये, कारण पीएसके स्वतःच कवकजालापासून मिळवलेले होते. प्रश्न धान्याचा आणि प्रमाणीकरणाचा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या बाजारातील रेशीची १९ उत्पादने रासायनिक कसोट्यांवर तपासली गेली. लेबलशी जुळणारी त्यांतील फक्त पाच निघाली आणि इतरांपैकी अनेकांत स्टार्चसारख्या शर्करांचेच प्राबल्य होते.

नावांचा घोळ ही माझ्या दृष्टीने याहून जुनी आणि आपल्या जवळची अडचण आहे. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. लहान मुलांच्या तोंडात फोड आले किंवा लाळ फार गळू लागली की आमची आजी जुन्या फणसाच्या खोडावर वाढलेले कठीण, तपकिरी फणसअळंबे सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावत असे. कोकणातील अनेक घरांत ही पद्धत होती आणि पुण्यातील कवकशास्त्रज्ञांनी तिची शास्त्रीय नोंदही केली आहे. ही फेलिनस गटातील कवके. कोरिया आणि जपानमध्ये याच गटातील म्हणून ओळखल्या गेलेल्या, तुतीसारख्या झाडांवर वाढणाऱ्या एका अळंबीवर कर्करोगाच्या संदर्भात बरेच प्रयोग झाले. त्यावरून आपले फणसअळंबेही कर्करोगावर चालते असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. परंतु गट एक असला तरी जात वेगळी, झाड वेगळे आणि त्यामुळे रसायनेही वेगळी असू शकतात. रेशीच्या बाबतीतही असेच घडले. चीनमध्ये शतकानुशतके लिंगझी म्हणून वापरली जाणारी अळंबी युरोपातील गॅनोडर्मा ल्युसिडमहून भिन्न असल्याचे दाखवून २०१२ मध्ये संशोधकांनी तिला गॅनोडर्मा लिंगझी असे स्वतंत्र नाव दिले. जुन्या शोधनिबंधात 'ल्युसिडम' लिहिले असेल, तर प्रत्यक्षात कोणती जात वापरली होती हे पुष्कळदा तपासावे लागते.

डब्यातील इतर चार अळंब्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांतील प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या पातळीवर आहे. रेशीविषयी कॉक्रेनने कर्करोगाच्या संदर्भात पाच चाचण्यांतील ३७३ रुग्णांच्या माहितीचा आढावा घेतला. केमोथेरपी किंवा किरणोपचारांबरोबर रेशी घेतलेल्यांत गाठींचा प्रतिसाद काहीसा चांगला असल्याचा कल दिसला, पण चाचण्या लहान होत्या आणि त्यांची आखणी सदोष होती. कर्करोगावरील मुख्य उपचार म्हणून रेशी वापरण्याला आधार नाही, हे आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे. तुमच्या आईंना मधुमेह असल्यामुळे आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. टाइप २ मधुमेह आणि त्याच्या जोडीला चयापचयाच्या इतर तक्रारी असलेल्या ८४ जणांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत काहींना १६ आठवडे दिवसाला तीन ग्रॅम रेशी देण्यात आली, काहींना रेशी आणि कॉर्डिसेप्स एकत्र, तर काहींना निष्क्रिय कॅप्सूल. रक्तातील साखरेवर कोणताही फरक पडला नाही. 'रेशीने साखरही आटोक्यात येईल' असे पत्रकात लिहिले असेल, तर त्यावर विसंबून मेटफॉर्मिनची मात्रा कमी करू नका.

लायन्स मेनवर २००९ मध्ये जपानमध्ये एक लहान पण काळजीपूर्वक केलेली चाचणी झाली. विस्मरणाची सौम्य तक्रार असलेल्या ५० ते ८० वर्षे वयाच्या ३० जणांपैकी अर्ध्यांना १६ आठवडे दिवसाला तीन ग्रॅम पूड देण्यात आली. त्यांचे गुण सुधारले, परंतु पूड थांबवल्यावर चार आठवड्यांतच ते पुन्हा घसरले. विषय पुढे तपासण्याजोगा आहे, मात्र कर्करोगाशी त्याचा संबंध नाही. कॉर्डिसेप्सच्या बाबतीत उत्तराखंड आणि नेपाळच्या उंच कुरणांतील, पतंगाच्या अळीवर वाढणारी कीडा जडी आणि बंद खोलीत वाढवली जाणारी कॉर्डिसेप्स मिलिटारिस या दोन वेगळ्या जाती आहेत. कॅप्सूलमध्ये बहुधा दुसरीच असते. ती कमअस्सल आहे असे मी म्हणत नाही. कॉर्डिसेपिन हे बहुचर्चित रसायन मुळात तिच्यातूनच १९५० च्या सुमारास वेगळे केले गेले. तरीही कर्करोगाच्या रुग्णाला त्याने फायदा होतो असे म्हणण्याजोगी चाचणी नाही.

चागाविषयी मात्र मी आग्रहाने सावध करते. बर्च झाडावर वाढणाऱ्या या कवकात ऑक्झॅलेटचे प्रमाण फार असते. यकृताच्या कर्करोगासाठी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतलेल्या ७२ वर्षांच्या जपानी महिलेचे मूत्रपिंड ऑक्झॅलेटचे स्फटिक साचून निकामी झाले व तिला डायलिसिसवर जावे लागले, असे २०१४ मध्ये नोंदवले गेले आहे. तुमच्या डब्यातील मात्रा त्यापेक्षा पुष्कळच कमी आहे हे मान्य. पण आईंना मधुमेह आहे, म्हणजे मूत्रपिंडांवर आधीच भार असण्याची शक्यता आहे. मेटफॉर्मिन आणि कॅपेसिटाबिन या दोन्हींची मात्रा मूत्रपिंडांच्या कार्यावरून ठरते. मूत्रपिंडांवर ताण आणू शकणारी कोणतीही अनावश्यक गोष्ट केमोथेरपीच्या या काळात मला त्यांच्या आहारात नको आहे.

आतापर्यंतचा मुद्दा असा की फायद्याचा पुरावा वेगळ्या पदार्थाचा, वेगळ्या मात्रेचा आणि वेगळ्या काळातील उपचारांबरोबरचा आहे. आता दुसरी बाजू, म्हणजे अपायाची. 'फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना' हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यामागची माया मला कळते. अळंब्यांच्या बाबतीत बहुतेकांना खरोखरच गंभीर तोटा होत नाही. पोट बिघडणे, तोंड कोरडे पडणे, अंगावर पुरळ येणे अशा तक्रारी अधिक आढळतात. तरी रेशीच्या पुडीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंडमधून आल्या आहेत आणि त्यांतील एका रुग्णाचा मृत्यू झाला. प्रगत कर्करोगाच्या तीन जपानी रुग्णांमध्ये अगॅरिकस या दुसऱ्या एका अळंबीच्या अर्कानंतर यकृताची तीव्र हानी नोंदवली गेली. अशा घटना दुर्मीळ आहेत. पण केमोथेरपीच्या काळात दुर्मीळ घटनेचे मोल वेगळे असते.

का ते एका अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात एका गृहस्थांची केमोथेरपीची चौथी फेरी ऐन वेळी थांबवावी लागली, कारण यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या एसजीपीटीचा आकडा सामान्य मर्यादेच्या सहापट झाला होता. कोणत्या औषधाने हे झाले हे शोधण्यात आम्ही दोन आठवडे घालवले, एक औषध बदलण्याचा विचारही झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नींनी संकोचून सांगितले की दुसऱ्या फेरीपासून घरी रोज रेशीची पूड चालू होती. पूड थांबवली, आकडा हळूहळू उतरला आणि चौथी फेरी तीन आठवडे उशिरा झाली. रेशीच कारणीभूत होती की केमोथेरपीचे औषध, हे आम्हाला शेवटपर्यंत ठामपणे सांगता आले नाही. या अनिश्चिततेची मला सर्वाधिक चिंता वाटते. कॅपेसिटाबिननेही यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात, जुलाब होऊ शकतात, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू शकतात. ऑक्झॅलिप्लॅटिनने रक्तातील प्लेटलेट कमी होऊ शकतात. त्यात पाच अळंब्यांची भर पडली की एखादी तक्रार उद्भवल्यावर डॉक्टरांना तिचे मूळ शोधता येत नाही, आणि मग सिद्ध फायदा असलेले औषधच कमी करण्याची किंवा लांबवण्याची वेळ येते.

प्लेटलेटचा उल्लेख केला म्हणून आणखी एक खुलासा. प्रयोगशाळेत रेशीचा अर्क प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याची क्रिया मंदावतो असे दिसले आहे. मात्र निरोगी स्वयंसेवकांना चार आठवडे दिवसाला दीड ग्रॅम रेशी देऊन केलेल्या चाचणीत रक्त गोठण्यावर परिणाम आढळला नाही. त्यामुळे 'रेशीने रक्तस्राव होतोच' असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या प्लेटलेट आधीच उतरलेल्या आहेत, किंवा जे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन यांसारखी औषधे घेतात, त्यांच्यासाठी निरोगी स्वयंसेवकांवरील निष्कर्ष पुरेसे नाहीत. शस्त्रक्रिया ठरलेली असल्यास आम्ही अशी पूरके किमान दोन आठवडे आधी थांबवायला सांगतो.

कवकांपासून औषधे मिळत नाहीत असा समज मात्र माझ्या या सावधगिरीतून कोणी करून घेऊ नये. प्रत्यारोपणाच्या शास्त्राचा चेहरामोहरा बदलणारे सायक्लोस्पोरिन टोलिपोक्लॅडियम या कवकातून मिळाले, आणि ते कवक कॉर्डिसेप्सचेच नातलग असून भुंग्याच्या अळीवर वाढते असे पुढे उलगडले. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरील फिंगोलिमॉड २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचे मूळ रसायनही किटकांवर वाढणाऱ्या कवकातील आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ही दोन्ही औषधे प्रतिकारशक्तीला आवर घालतात. त्याच कुळातील कवके 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' म्हणून विकली जातात, त्या वेळी कोणते रसायन, किती मात्रेत आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कवकातून औषध तयार होते ते रसायन वेगळे करून, मोजून, वर्षानुवर्षे तपासून. क्रेस्टिनही त्याच वाटेने आले होते.

तुम्ही उल्लेख केलेल्या डब्यासोबतच्या पत्रकाविषयी एवढेच सांगते की कर्करोग किंवा मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर असा दावा दिसला की मी त्या डब्यावरील उरलेल्या मजकुरावरही कमी विश्वास ठेवते.

खाण्याच्या अळंबीचे काय, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. ती खुशाल द्या. बटन, धिंगरी किंवा शिताके, बाजारातील लागवडीची अळंबी स्वच्छ धुऊन आणि पूर्ण शिजवून आठवड्यातून दोन-तीनदा आहारात असायला माझी हरकत नाही, अर्थात पोटाला सोसत असेल तर. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली नको, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या काळात कच्च्या पदार्थांतून संसर्गाचा धोका असतो. शिताके नीट न शिजवल्यास काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे पुरळही येते. पावसाळ्यात रानातून आणलेली अळंबी या वर्षी टाळा, ती आणणारी व्यक्ती कितीही जाणकार असली तरी. जपानमधील सुमारे ३६,५०० पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीत आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा अळंबी खाणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी कमी आढळले होते, तर अमेरिकेतील दोन मोठ्या पाहण्यांत अळंबी आणि कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. म्हणून मी ती उत्तम भाजी म्हणून सुचवते, औषध म्हणून नाही. केमोथेरपीत प्रथिने आणि भूक टिकवणे महत्त्वाचे असते, आणि आईंना आवडत असेल तर अळंबीचे गरम सूप त्यासाठी चांगले आहे.

डॉक्टर नाराज होतील का, या प्रश्नाला माझे उत्तर असे: विचारल्यामुळे नाराज होणाऱ्यांपेक्षा, न सांगितल्यामुळे अडचणीत येणारे डॉक्टर मी कितीतरी अधिक पाहिले आहेत. 'हे द्यायचे का' असे मोघम विचारण्याऐवजी डब्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे, कॅप्सूलची मात्रा आणि आईंच्या चालू औषधांची यादी घेऊन जा. आधीच काही कॅप्सूल घेतल्या गेल्या असतील तर किती आणि कधीपासून, तेही न लपवता सांगा. रुग्णालयात औषधशास्त्रज्ञ असतील तर त्यांना भेटा, हे तपासणे त्यांचेच काम आहे. डॉक्टरांनी सर्व पाहून तुमच्या आईंच्या बाबतीत वेगळा निर्णय दिला, तर माझ्यापेक्षा त्यांचा शब्द माना. आईंचे अहवाल त्यांच्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत.

केमोथेरपी संपल्यावर, यकृत आणि मूत्रपिंडांच्या चाचण्या स्थिरावल्यावरही घरातील मंडळींची इच्छा कायम असेल, तर त्या वेळी हा विषय पुन्हा काढता येईल. तेव्हा पाचांचे मिश्रण न घेता एकाच अळंबीचा अर्क, लेबलवर शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि बीटा-ग्लुकॅनचे प्रमाण दिलेला, जड धातूंची तपासणी झालेला, आणि चागा नसलेला, असा निवडावा. सुरू करण्यापूर्वी आणि चार आठवड्यांनी एसजीपीटी आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मामांना मात्र आजच फोन करून सांगा की डबा जपून ठेवला आहे, आणि पहिल्या फेरीच्या दिवशी आईंसोबत रुग्णालयात थांबायला कोणीतरी हवे आहे.